घरांचा एकच साचा कशासाठी?

मार्कंड्याजवळ वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि त्या वळणावर मार्कंडेश्वराचा प्राचीन मंदिरसमूह उभा आहे. महाशिवरात्रीच्या यात्रेला तेथे जाणारा भाविक शिल्पे पाहतो, नदीत स्नान करतो आणि परततो. यात्रा उठल्यावर मागे उरते ते मंदिरालगतचे लहानसे गाव. या गावातील कुटुंबाला मुलाच्या लग्नानंतर घराला एक खोली जोडावयाची असेल तर काय करावे लागते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

मंदिर हे राष्ट्रीय संरक्षित स्मारक आहे. 1958 च्या स्मारकविषयक कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास बंदी आहे. तेथे दुरुस्तीसुद्धा परवानगीनेच करता येते. पुढील 200 मीटरचा पट्टा नियंत्रित आहे. दिल्लीतील गजबजलेल्या स्मारकाला आणि वैनगंगेकाठच्या खेड्याला मोजपट्टी एकच! वस्तुतः प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. नियंत्रित पट्ट्यात घराची उंची किती असावी, छप्पर कसे असावे, यात्रेकरूंसाठी खोल्या बांधता याव्यात की नाही, हे मार्कंड्याचे स्वरूप पाहूनच ठरले पाहिजे. मंदिराचे रक्षण व्हावे याबद्दल दुमत नाही. परंतु त्या रक्षणाचा भार केवळ शेजाऱ्यानेच वाहावा, हा न्याय नव्हे.

मार्कंड्याचा प्रश्न स्मारकामुळे उठून दिसतो इतकेच. मूळ दुखणे अधिक व्यापक आहे. 1982 साली निर्माण झालेल्या गडचिरोली जिल्ह्याची सुमारे तीन चतुर्थांश भूमी वनाखाली आहे. उरलेल्या जमिनीवर शेती, तलाव आणि वस्ती यांना दाटीवाटीने राहावे लागते. 2011 साली गोंडवाना विद्यापीठ आले आणि अलीकडे चामोर्शी तालुक्यातच कोनसरी येथे लोहप्रकल्प उभा राहिला. शिक्षक, लिपिक, विद्यार्थी, कामगार यांची ये-जा वाढली. या सर्वांना घर हवे आहे. पण प्रत्येकाला स्वतःचा बंगला नको आहे. विद्यार्थ्याला एक खोली हवी, बदलून आलेल्या लिपिकाला दोन खोल्यांचे भाड्याचे घर हवे, तर निवृत्त शिक्षकाला मुलाच्या अंगणातच स्वतंत्र चूल हवी.

बाजारात मात्र मिळतो तो लेआऊटमधील भूखंड. गावाबाहेरच्या धानाच्या बांध्या सपाट होतात, दगड रोवले जातात आणि पुष्कळ भूखंड गुंतवणूक म्हणून वर्षानुवर्षे रिकामे पडतात. दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत माझे विद्यार्थी खोली शोधीत याच दगडांमधून फिरतात. अर्थशास्त्राच्या दृष्टीने यात नवल काही नाही. भूखंडाचा किमान आकार आणि चोहोबाजूंनी सोडावयाची जागा ठरली की घराची किमान किंमतही ठरते. त्या किमतीखालचा ग्राहक बाजाराबाहेर फेकला जातो, किंवा विनापरवाना बांधकामाकडे वळतो.

आपले जुने गावठाण असे नव्हते. एकाच वाड्यात तीन चुली, ओसरीवर दुकान, मागे सांदवाडीत भाडेकरूची खोली, असा तो संमिश्र संसार होता. प्रत्येक घर सुटे आणि एकाच कुटुंबाचे असावे, ही कल्पना बऱ्याच अंशी परकी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1926 साली विभागवार बांधकाम-नियमांना मान्यता दिली, तेव्हा स्वतंत्र घरांच्या वस्तीत शिरणाऱ्या भाड्याच्या इमारतीची तुलना बांडगुळाशी केली होती. त्याच देशात मिनियापोलिस शहराने 2018 साली मंजूर केलेल्या आराखड्यात एका भूखंडावर तीन घरांना वाट मोकळी करून दिली आणि 2019 साली ओरेगॉन राज्याने कायदाच बदलला. ज्यांनी तो साचा घडविला तेच तो मोडीत असताना आपण तो उराशी का धरावा?

महाराष्ट्राच्या 2020 च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत रांगेतील घरे व जोडघरे यांना स्थान आहे, लहान भूखंडांसाठी परवानगीही सुलभ केली आहे. हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु विकासकाने लहान घरांसाठी हिस्सा ठेवावा, ही सक्ती मोठ्या महानगरपालिकांपुरती आहे. तालुक्याच्या गावाला ती लागू नाही. म्हणून दोन गोष्टी तातडीने व्हाव्यात. लेआऊट मंजूर करताना काही भूखंड रांगेतील व भाड्याच्या घरांसाठी राखावेत; आणि राहत्या घराच्या आवारात एक लहान स्वतंत्र घर बांधण्यास निःसंदिग्ध मुभा असावी.

दाट वस्तीने पाणी व सांडपाणी यांवर ताण पडेल, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर घरे नाकारण्यात नाही, तर विकास शुल्क त्याच वस्तीच्या नळांवर व गटारांवर खर्च करण्यात आहे. किंबहुना विखुरलेल्या वस्तीला नळ पोचविणे अधिक महाग पडते आणि त्यापायी धानाची जमीन जाते ती वेगळीच.

मार्कंड्याचे मंदिर घडविणाऱ्यांनी एकाच आवारात लहानमोठी अनेक देवळे उभारली. देवांना जे साधले ते माणसांच्या घरांना नाकारण्याचे कारण नाही.