मांडव्याचा अविनाश : पस्तीस अडथळे, दहा विक्रम

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे अविनाश साबळेचं गाव. ३ हजार मीटर स्टीपलचेसमध्ये केनिया-इथिओपियाच्या धावपटूंना टक्कर देणारा हा मराठी गडी. सेकंदाचा एकेक अंश वाचवत तो तिथवर कसा पोचला, ते सांगणाऱ्या या काही भन्नाट गोष्टी.

शाळेची वाट
आई-वडील शेतकरी, वीटभट्टीवरही राबलेले. शाळा सहा किलोमीटरवर आणि जायला गाडी नाही. मग पोरगं कधी चालत, कधी पळत शाळा गाठायचं.

आधी सियाचीन, मग ट्रॅक
बारावीनंतर अविनाश लष्करात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनचा बर्फ, राजस्थानचं वाळवंट, सिक्कीम अशा सगळ्या ठिकाणी त्याने नोकरी केली. स्पर्धेत उतरला तो विशी ओलांडल्यावर, २०१५ मध्ये, तेही लष्करातल्या क्रॉसकंट्रीतून. स्टीपलचेसकडे त्याला वळवलं प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी.

शर्यत आहे तरी कशी?
एकूण ३५ उड्या : २८ कोरड्या अडथळ्यांवरून, ७ पाण्याच्या. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटीमीटर. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला की अडथळा पडतो, इथला जड लाकडी ओंडका जागचा हलत नाही. पाय अडकला की पडणार धावपटूच. पाण्यापाशी बहुतेक जण ओंडक्यावर एक पाय रोवतात आणि स्वतःला पुढे लोटतात. ओंडक्यापुढचा पाण्याचा खड्डा पलीकडे उथळ होत जातो, म्हणून जितकं लांब पडाल तितकं पाणी कमी. पाण्याच्या पहिल्याच उडीत बूट भिजतात आणि उरलेली शर्यत ओल्या बुटांनीच धावायची!

३७ वर्षांचं कुलूप
गोपाल सैनी यांचा ८:३०.८८ हा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून अबाधित होता. २०१८ मध्ये भुवनेश्वरला अविनाशने ८:२९.८० वेळ दिली आणि ते कुलूप उघडलं.

मग मोडायला उरला स्वतःचाच विक्रम
२०१९ मध्ये तीनदा, २०२१ मध्ये दोनदा, २०२२ मध्ये तीनदा. आणि ७ जुलै २०२४ ला पॅरिस डायमंड लीगमध्ये ८:०९.९१. पहिला धरून एकूण दहा विक्रम! सैनींच्या वेळेतून जवळपास २१ सेकंद कमी झाले. या वेगाचा हिशेब असा : दर १०० मीटरला साधारण १६.३ सेकंद, सलग तीस वेळा, वाटेतल्या ३५ उड्यांसकट.

अडखळला, तरी अंतिम फेरीत
दोहा, जागतिक स्पर्धा, २०१९. प्राथमिक फेरीत दुसऱ्या धावपटूंच्या पडापडीत अविनाशची वाट अडली. तरीही त्याने ८:२५.२३ असा राष्ट्रीय विक्रम केला. भारताने दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. तीनच दिवसांनी तिथे ८:२१.३७! म्हणजे आणखी एक विक्रम आणि टोकियो ऑलिंपिकचं तिकीट.

०.०५ सेकंद
राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं १९९८ पासून प्रत्येक वेळी केनियाच घेऊन जात होता. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला अविनाश मध्ये घुसला. शेवटच्या काही मीटरमध्ये तो अब्राहम किबिवोटच्या अगदी खांद्याला खांदा लावून होता. किबिवोट ८:११.१५, अविनाश ८:११.२०. सोनं पापणी लवण्याइतक्या फरकाने हुकलं, पण केनियाची मक्तेदारी मोडली.

अडथळे नसले तरी तोच
२०२० मध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन त्याने १ तास ३० सेकंदांत संपवली. ६१ मिनिटांच्या आत येणारा तो पहिला भारतीय. म्हणजे दर किलोमीटरला २ मिनिटं ५२ सेकंद! २०२२ मध्ये बहादूर प्रसाद यांचा ५ हजार मीटरचा तीस वर्षं जुना विक्रमही त्याने मोडला.

हांगझोऊचं सोनं
१ ऑक्टोबर २०२३. आशियाई क्रीडा स्पर्धेत स्टीपलचेसमध्ये त्याने सुरुवातीलाच आघाडी घेतली आणि मागच्यांना जवळ फिरकू दिलं नाही. वेळ ८:१९.५०, स्पर्धेचा नवा विक्रम. आशियाई क्रीडा स्पर्धेत या शर्यतीचं सुवर्ण जिंकणारा तो पहिला भारतीय पुरुष. त्याच स्पर्धेत ५ हजार मीटरचं रौप्यही त्याने मिळवलं.

माणदेश आणि मराठवाडा
ऑलिंपिक स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर (रिओ, २०१६, दहावी). पहिला पुरुष अविनाश (पॅरिस, २०२४, अकरावा). दोघंही महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातले, याचा प्रत्येक मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा.

आता पुढे?
मे २०२५ मध्ये दक्षिण कोरियात त्याने आशियाई अजिंक्यपद पटकावलं. या शर्यतीत भारताला हे सुवर्ण ३६ वर्षांनी मिळालं. जुलैमध्ये मोनॅकोतल्या शर्यतीत मात्र पाण्याच्या अडथळ्यापाशी गुडघा जबर दुखावला, शस्त्रक्रिया झाली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. ८:०९.९१ हा आकडा मोडायचा मान अकराव्यांदाही अविनाशलाच मिळो, हीच मनापासून इच्छा!