दारू सुटेपर्यंत गोळी थांबवू नका

ऑक्टोबर-नोव्हेंबरात बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या बाजूला उसाच्या गाड्यांच्या रांगा लागतात. काही वर्षांपूर्वी अशा रांगेत रात्री काढणारा एक ट्रॅक्टरचालक माझ्याकडे येत असे. त्याला एचआयव्हीची लागण झाली होती. मी समुपदेशक होते. त्याची ओळख पटेल असे काही येथे सांगत नाही.

एकदा तो दुपारीच पिऊन आला. मी म्हणाले, ‘‘आधी दारू सोडा, मग औषधाला या.’’ कडक बोलले की तो सुधारेल, असे मला वाटले होते. तो उठून गेला आणि पाच महिने फिरकलाच नाही. पुढे बायको त्याला धरून घेऊन आली, तेव्हा अंगावर मांस उरले नव्हते आणि खोकला थांबत नव्हता. तपासणीत क्षयरोग निघाला.

गोळ्या का सोडल्या, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘ताई, पोटात दारू असताना गोळी घेतली की इख होतंय म्हणं. म्हणून प्यायचो त्या दिवशी घेत नव्हतो. आन् पिणं तर रोजचंच.’’

हा समज अनेकांचा असतो आणि तो चुकीचा आहे. आज सरकारी एआरटी केंद्रांतून बहुतेक प्रौढ रुग्णांना टेनोफोविर, लॅमिव्ह्यूडिन आणि डोल्यूटेग्रॅव्हिर ही तीन औषधे एकत्र असलेली गोळी मिळते. ती रोज एकदा घ्यायची असते. दारू प्यायलेल्या दिवशीही ती घ्यावी. औषध शरीरात आहे तोवर विषाणूची वाढ रोखलेली असते. गोळ्या वरचेवर चुकल्या की तो पुन्हा वाढतो, प्रतिकारशक्ती खालावते आणि क्षयासारखे आजार गाठतात. विषाणू औषधाला दाद देईनासा होण्याचाही धोका असतो.

याचा अर्थ दारू निर्धोक आहे, असा नव्हे. दारूमुळे गोळीची वेळ विसरते, यकृत बिघडते. क्षय टाळण्यासाठी किंवा बरा करण्यासाठी दिल्या जाणाऱ्या आयसोनियाझिडचाही यकृतावर ताण पडतो. त्यामुळे आपण पितो, हे डॉक्टरांना सांगायलाच हवे. पण रागावण्याच्या भीतीने रुग्ण खोटे बोलला, तर दोष कोणाचा?

रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम दारू तोडणेही धोक्याचे असते. हातपाय थरथरतात, झटके येतात, भ्रम होतो. त्यासाठी डॉक्टरांची देखरेख लागते. व्यसन हा आजार आहे, असे मानून पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झाले. अफूजन्य पदार्थांची इंजेक्शने घेणाऱ्यांसाठी तर सरकारच्या एड्स नियंत्रण कार्यक्रमातच ब्युप्रेनॉर्फिनची गोळी देखरेखीखाली दिली जाते. सुई सुटली की लागणीचा धोका टळतो आणि रोज केंद्रात येणारा माणूस इतर उपचारांनाही टिकतो. हाच न्याय आपल्याकडच्या दारूला का लावू नये?

एआरटी औषधे १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. २०१७ पासून सीडी-४ पेशी कितीही असोत, प्रत्येक लागण झालेल्याला ती देण्याचे धोरण आले. व्यसन सुटण्याची अट त्यात नाही. ती अट मी माझ्या तोंडाने घातली होती.

त्या ट्रॅक्टरचालकाशी मग आम्ही वेगळा करार केला. गोळी रात्री नव्हे, सकाळच्या पहिल्या चहाबरोबर, प्यायला सुरुवात होण्याआधी. चार गोळ्यांची पुडी ट्रॅक्टरच्या डब्यात, म्हणजे कारखान्यावर नंबर लागेपर्यंत मुक्काम पडला तरी खंड नको. बायकोने फक्त ‘घेतली का?’ एवढेच विचारायचे, दारूचे भांडण त्या वेळी काढायचे नाही. क्षयाचा उपचार पूर्ण झाला. पुढच्या तपासणीत रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला होता. असा विषाणू दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

दारू मात्र लगेच सुटली नाही. दीड वर्षाने एके दिवशी तोच म्हणाला, ‘‘ताई, आता ह्येचंबी काय तरी बघा.’’ ते ऐकायला तो जिवंत होता आणि मीही तेव्हा रागावले नाही.

(लागण व उपचारांविषयी माहितीसाठी १०९७ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या मोफत क्रमांकांवर विचारता येते.)