लेथ वजनाने घ्यावा

लेथचा सौदा सुरू होतो तो फुटांपासून. साडेचार फुटी हवा, सहा फुटी हवा की आठ फुटी? मग सेंटर हाइट, स्पिंडलचा बोअर, कोन पुली की ऑल गिअर, आणि शेवटी किंमत. यंत्रात केवढा जॉब मावेल हे या आकड्यांवरून कळतं. तो जॉब किती नेमका उतरेल, हे मात्र त्यांपैकी एकाही आकड्यावरून कळत नाही. छत्रपती संभाजीनगरात वाळूज, चिकलठाणा किंवा रेल्वे स्टेशन औद्योगिक वसाहतीत एखादा गाळा घेऊन पहिला लेथ बसवू पाहणाऱ्याने, किंवा घरामागच्या शेडमध्ये छोटी कार्यशाळा थाटणाऱ्याने, आधी दोन गोष्टी विचाराव्यात असं माझं मत आहे: यंत्राचं वजन किती, आणि बेड कुठे आणि किती झिजला आहे. बाकी सगळं त्यानंतर.

पहिला आक्षेप ठरलेला आहे. सीएनसीच्या काळात हाताने चालवायच्या लेथची चर्चा कशाला? 1985 मध्ये बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणारे लहानमोठे उद्योग आसपास उभे राहिले. एकाच मापाचे हजारो नग काढायचे असतील तर तिथे सीएनसीच हवी, यात वाद नाही. पण ज्या शहरात इतके प्रेस, डाय, कन्व्हेयर आणि पंप चालतात, तिथे रोज काहीतरी तुटतं, झिजतं, वाकतं. एक पिन, एक बुश, पंपाच्या शाफ्टची एक स्लीव्ह, डायचा एक गाइड पिलर. असा एकच नग काढायला प्रोग्राम लिहून टूल सेट करेपर्यंत चांगला टर्नर काम संपवून हात पुसत असतो. शिवाय धातू कापताना काय घडतं हे हाताला कळायचं असेल, तर शिकणाऱ्याने आधी क्रॉस स्लाइडचं चाक फिरवलेलं बरं. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूमसारखी प्रशिक्षण देणारी संस्था असलेल्या गावाला हे वेगळं सांगायला नको.

आता वजनाकडे. साध्या माइल्ड स्टीलवर 2 मिलिमीटर खोल आणि फेऱ्यामागे 0.2 मिलिमीटर फीडचा कट घेतला, तर टूलवर साधारण 900 न्यूटनचा दाब येतो. टूलच्या टोकावर जवळजवळ 90 किलोचा भार ठेवल्यासारखंच हे झालं. कार्बाइड टूलने मिनिटाला 80 मीटरच्या वेगाने हा कट चालवायला नुसत्या कापण्यातच 1.2 किलोवॅट जातात. गिअर आणि पट्ट्यातली तूट धरली तर दोन अश्वशक्तीची मोटर लागते. मोटर मोठी बसवणं सोपं आहे. पण तो 90 किलोंचा भार टूल पोस्ट, कंपाउंड, क्रॉस स्लाइड, सॅडल आणि बेड असा उतरत जातो, आणि यातला प्रत्येक सांधा थोडा थोडा दबतो. हलक्या यंत्रात हे दबणं आणि परत उसळणं सुरू झालं की चॅटर येतो, जॉबवर लाटा उठतात आणि कार्बाइडची धार तुटते. टर्नर मग कट कमी करतो, वेग उतरवतो आणि एका पासचं काम चार पासमध्ये करतो. स्वस्तात घेतलेल्या यंत्राची उरलेली किंमत अशी रोज वेळेच्या रूपात फेडावी लागते. लांबीने हा दोष वाढतोच. त्याच ओतकामाचा बेड दोन फूट लांब केला की पीळ पडण्याची शक्यता वाढते, आणि बहुतेक जॉबिंग कार्यशाळांत चकपासून फूट-दीड फुटापलीकडे काम क्वचितच जातं.

दुसरा प्रश्न झिजेचा, आणि इथे जुनं यंत्र पाहणारे बरेचदा चुकीच्या जागी बघतात. बेड खाली गेला म्हणजे टूल खाली गेलं, एवढ्यावर ते थांबतात. 50 मिलिमीटर व्यासाच्या जॉबवर टूल 0.1 मिलिमीटर नुसतं खाली सरकलं, तर व्यासात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही फरक पडत नाही. तेच टूल तेवढंच आडवं सरकलं तर व्यास 0.2 ने बदलतो. खरी गोम पुढची आहे. सॅडल बेडवरच्या ज्या वाटांवरून सरकतं, त्यांतल्या पुढच्या व्ही-वेवर झीज जास्त होते, मागची बाजू त्या मानाने शाबूत राहते, आणि त्यामुळे सॅडल पुढे कलतं. या दोन वाटांमधलं अंतर 300 आणि सेंटरची उंची 200 मिलिमीटर धरा. पुढची बाजू 0.1 ने बसली तर टूल सुमारे 0.067 ने बाहेर येतं आणि व्यास 0.13 ने वाढतो. बेअरिंगच्या फिटसाठी ही चूक फार मोठी आहे. ही झीज बहुतांशी चकजवळच्या फूटभरात असते. तिथली ढिलाई काढायला सॅडल आवळावं, तर टेलस्टॉककडे जाताना ते अडकतं. हाच तिचा पुरावा, आणि तो पाहायला कुठलंही मापनयंत्र लागत नाही. यंत्रावर नवा रंग असेल तर ही परीक्षा दुप्पट लक्ष देऊन करावी.

एवढं सगळं पाहूनही मी जुन्या जड लेथच्या बाजूने बोलतो. 1953 मध्ये बंगळुरूत स्थापन झालेल्या एचएमटीचे एच-22, एनएच-22, एलबी-17 आणि हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचे लेथ आजही जुन्या बाजारात येतात. एचएमटीच्या नावातला 22 म्हणजे 220 मिलिमीटरची सेंटर हाइट. या यंत्रांच्या ओतकामात लोखंडाची काटकसर केलेली नाही. यावर आक्षेप येतो तो सुट्या भागांचा: मूळ भाग मिळणार कुठून? बेअरिंग प्रमाणित मापाची असतात. क्रॉस स्लाइडचा नट गनमेटलचा करून घेता येतो, तुटलेला गिअर कापून घेता येतो, आणि या शहरात ती कामं करणारे आहेत. बाहेर स्वस्तात करून घेता येत नाही तो बेड. तो पुन्हा ग्राइंड करून सॅडल त्याला स्क्रेप करायचं, तर खर्च यंत्राच्या किमतीच्या पंगतीला जाऊन बसतो. म्हणून बेड खराब असेल तर नाव कितीही मोठं असो, सौदा सोडावा, आणि तेवढ्याच पैशांत राजकोट किंवा बटाल्याचा नवा, आखूड पण जाड बेडचा लेथ घ्यावा. एकाच फुटाच्या दोन नव्या यंत्रांत वजनाचा फरक बराच असतो. दर सांगणाऱ्याला किलो विचारण्यात संकोच कसला?

घरगुती कार्यशाळेची अडचण खरी आहे. तिथे थ्री फेज जोडणी नसते, आणि एक टनाचं यंत्र गल्लीतून आत नेणं सोपं नाही. विजेचा प्रश्न आता सुटण्यासारखा आहे. दोन-तीन अश्वशक्तीपर्यंतची थ्री फेज मोटर व्हीएफडी (विजेची वारंवारता बदलणारा ड्राइव्ह) लावून सिंगल फेजवर चालते आणि वेगही हवा तसा बदलता येतो. जागा मात्र बदलता येत नाही. तिथे मी लहान लेथच सुचवीन, पण सेंटर हाइट आणि लांबी दोन्ही कमी करून, म्हणजे त्याच वजनाचं लोखंड थोड्या जागेत जास्त दाट बसेल. जमिनीचा प्रश्न वसाहतीतला गाळा आणि घर दोन्हींना सारखाच आहे. या भागात बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट टाकलेली फरशी हलते आणि तिच्यासोबत बेडला पीळ पडतो. माती काढून मुरूम भरावा, वर जाड काँक्रीट घालावं, आणि मीटरला 0.02 मिलिमीटर दाखवणाऱ्या लेव्हलने बेड बसवावा. पावसाळा संपला की ही तपासणी पुन्हा करावी. हलका, लांब बेड इथे सर्वांत आधी दगा देतो.

एक तपशील राहिला, आणि तो घेणारे हमखास विसरतात. जुन्या बऱ्याच लेथचा लीड स्क्रू इंचातला असतो, इंचाला चार आटे असा. मोटारसायकलचे बहुतेक सगळे आटे मेट्रिक. इंचाच्या स्क्रूवर अचूक मेट्रिक आटे पाडायला 127 दातांचा चेंज गिअर लागतो, कारण एका इंचाचे 25.4 मिलिमीटर आणि त्याची पाचपट 127. यंत्रासोबतच्या गिअरच्या पेटीत तो आहे का हे मोजून पाहावं. फोर जॉ चक, स्टेडी आणि मूळ फेसप्लेट त्याच वेळी मागून घ्यावेत. नंतर ते वेगळे घ्यायला गेलं की महाग पडतात. आणि पैसे मोजण्याआधी विकणाऱ्याला एक गज चकमध्ये धरायला सांगावं, टेलस्टॉकचा आधार न देता त्यावर दीडशे मिलिमीटर अंतराने दोन कॉलर एकाच सेटिंगला हलक्या कटने कापून घ्यावेत, दोन्हींचे व्यास ताडून पाहावेत, आणि मायक्रोमीटर आपला स्वतःचा वापरावा.