घरचा काढा आणि ज्येष्ठमध : ज्येष्ठांनी काय सांभाळावे?



कार्तिकातल्या काकड आरतीनंतर आपल्या मंदिराच्या स्वयंपाकघरातून काढ्याचा वास येऊ लागला, की बाहेरच्या काळोखाचा आणि थंडीचा विसर पडतो. गेली कित्येक वर्षे मीही तो काढा घेतला आहे, प्रसंगी मागून दुसरा कपही घेतला आहे. यंदा मात्र मी विश्वस्तांना विनंती केली, की त्यातून ज्येष्ठमध वगळावा. त्यांनी ती लगेच मान्य केली. पण बऱ्याच जणांनी मला विचारले, "डॉक्टर, ज्येष्ठमधाने काय होणार? आमची आजी घसा धरला की ज्येष्ठमधाची काडी चघळायला द्यायची." त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा लेख. त्यात माझी स्वतःची एक चूकही सांगणार आहे.

माझी थोरली बहीण, आमची ताई, ७४ वर्षांची. रक्तदाबासाठी ती दोन गोळ्या घेते : एक अॅम्लोडिपिन आणि दुसरी इंडापमाइड, म्हणजे लघवीवाटे मीठ-पाणी काढणारी. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तिला खोकला झाला. मी मिरजेला एम.बी.बी.एस. झालेली, इथे एनएचएसमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ काम केलेली. फोनवर सहज म्हणाले, "ताई, आईचा काढा घे." आईच्या काढ्यात आले, तुळस, मिरे आणि बोटभर ज्येष्ठमध असायचा. खोकला आठवड्यात गेला, पण काढा काही सुटला नाही. गोड लागतो, साखर घालावी लागत नाही, म्हणून ताई दिवसातून तीन कप घेत राहिली. असे सहा आठवडे चालले.

जानेवारीत तिची पावले सुजली. जिना चढताना मांड्या भरून येऊ लागल्या, रात्री पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. रक्तदाब १७८/९८ झाला. जीपींनी गोळी वाढवली. त्यांचे काही चुकले नाही, काढ्याबद्दल त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. पुढच्या रक्ततपासणीत पोटॅशियम २.७ निघाले. ते साधारण ३.५ ते ५.३ असायला हवे. त्याच संध्याकाळी तिला रुग्णालयात दाखल केले, हृदयावर मॉनिटर लावला आणि शिरेतून पोटॅशियम दिले.

तिथल्या तरुण फार्मासिस्ट मुलीने विचारले, "घरगुती, हर्बल असे काही घेता का?" ताई म्हणाली, "छे, औषध काही नाही. फक्त घरचा काढा." मी शेजारीच बसले होते. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. काढा मीच सांगितला होता, आणि सहा आठवड्यांत "अजून घेतेस का गं?" असे एकदाही विचारले नव्हते. काढा थांबवल्यावर तीन आठवड्यांत रक्तदाब खाली आला, गोळे थांबले. ताई आता ठणठणीत आहे.

ज्येष्ठमध शरीरात काय करतो?

ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन नावाचे, साखरेच्या कितीतरी पट गोड असे द्रव्य असते. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक नेहमीच तयार होत असते. मूत्रपिंडावर त्याचा नको तो परिणाम होऊ नये म्हणून तिथे एक एन्झाइम पहाऱ्यावर असते, ते कॉर्टिसॉलला निष्प्रभ करते. ज्येष्ठमध या पहारेकऱ्यालाच झोपवतो. मग मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. रक्तदाब चढतो, पाय सुजतात, स्नायूंतली ताकद जाते आणि पोटॅशियम फार उतरले तर हृदयाची लय बिघडते. १९४० च्या दशकात हॉलंडमधल्या एका डॉक्टरांनी अल्सरसाठी ज्येष्ठमधाचा अर्क दिला, तेव्हा अल्सरला गुण आला पण काही रुग्णांना सूज आली. ती का येते याचा उलगडा १९८७ साली एडिंबरोच्या संशोधकांनी केला.

पाणी काढणाऱ्या गोळ्यांनीही पोटॅशियम कमी होते. त्यात ज्येष्ठमधाची भर पडली, की एका दाराने जाणारे पोटॅशियम दोन दारांनी जाऊ लागते. ताईचे नेमके तेच झाले. शिवाय ज्येष्ठमध बंद केला तरी त्याचा परिणाम एक-दोन आठवडे, कधी त्याहून जास्त टिकतो. नावात 'ज्येष्ठ' असले, तरी ज्येष्ठांना तो मानवेलच असे नाही.

मग आजीला कसे चालत होते? आजी काडी देत असे ती दोन दिवस, घसा सुटेपर्यंत. वैद्यांचा काढा हे तर सरळ औषधच. शार्ङ्गधर संहितेत एक भाग औषधीला सोळा भाग पाणी घालून आठवा भाग उरेपर्यंत आटवायला सांगितले आहे. एवढे तीव्र औषध वैद्य नाडी पाहून, मोजून, ठरावीक दिवस देत. आपण त्याचा चहा केला आणि मोजमाप सोडून दिले.

इतर घटकांचे काय?

दालचिनी : इथल्या सुपरमार्केटात बहुधा कॅसिया मिळते. तिची साल जाड, कडक, एकाच वळीची असते. तिच्यात कुमारिन नावाचे द्रव्य असते, जे जास्त झाल्यास यकृताला त्रास देऊ शकते. ६० किलो वजनाच्या माणसाने दररोज ६ मिलिग्रॅमहून अधिक कुमारिन घेऊ नये असे युरोपीय मानक आहे, आणि ते जेमतेम दोन ग्रॅम कॅसियाच्या पुडीत असू शकते. म्हणून रोजच्या वापरासाठी सिलोन दालचिनी घ्यावी. तिचे पापुद्रे कागदासारखे पातळ असून एकात एक गुंडाळलेले असतात.

गुळवेल : करोनाच्या काळात ती घरोघरी पोहोचली. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर हरकत घेतली आणि तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असे सुचवले. आपल्यासाठी दोन्हींचा अर्थ एकच : भारतातून कोणी पुडी आणून दिली तर ती कोणत्या वेलीची हे आपल्याला ओळखता येत नाही. ती मनाने घेऊ नका. डोळे पिवळे झाले किंवा लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.

वेखंड : हे पोटात घेण्यासाठी काढ्यात घालूच नये. त्यात असारोन नावाचे घातक द्रव्य असते. अमेरिकेत १९६८ पासून खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी आहे.

आले आणि मिरे : स्वयंपाकात असते तेवढ्याची चिंता नको. वॉरफरिन घेणाऱ्यांनी मात्र आल्याचा जोरदार काढा रोज सुरू करण्याआधी क्लिनिकला कळवावे. मिऱ्यांमुळे फिटच्या फेनिटॉइनसारख्या काही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढू शकते.

सुरक्षित काढा, दोन कपांसाठी

अडीच कप पाणी, इंचभर आले ठेचून, तुळशीची ८-१० पाने, ४ मिरे, गवती चहाच्या २-३ पाती, एक वेलदोडा आणि हवा असल्यास सिलोन दालचिनीचा अर्ध्या इंचाचा तुकडा. ज्येष्ठमध नाही. स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळले की हे सारे घालावे, झाकण ठेवून मंद आचेवर पाच-सात मिनिटे ठेवावे आणि गाळावे. निम्मे-पाव होईपर्यंत आटवू नये. पितळी पातेले असेल तर कल्हई शाबूत आहे ना ते पाहावे. तांब्या-पितळेत काढा ठेवू नये, लिंबू तर नाहीच. मधुमेह असणाऱ्यांनी गूळही साखरेतच मोजावा. नातवंड वर्षाच्या आतले असेल तर त्याला मधाचे बोटही लावू नये.

कप हातात आला की पाच मिनिटे थांबावे. ६५ अंशांहून गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये म्हटले आहे.

दिवसाला एक, फार तर दोन कप, आणि तेही आठवडाभर. खोकला तीन आठवड्यांच्या पुढे गेला, तर काढा बदलू नका, जीपींना भेटा.

रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, पाणी काढणारी गोळी, डिगॉक्सिन किंवा प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांनी आणि गरोदर सुनालेकींनी ज्येष्ठमध टाळावा. तयार हर्बल चहाच्या पाकिटावर 'लिकरिश' हा शब्द शोधा. घशाच्या चहात तो बऱ्याचदा असतो. सध्या कोणी रोज ज्येष्ठमध घेत असेल, तर तो थांबवा आणि जीपींकडून रक्तदाब व पोटॅशियम तपासून घ्या. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने कमी-जास्त करू नका. छातीत धडधड होऊन भोवळ आली किंवा छातीत दुखले, तर वाट न पाहता ९९९ ला फोन करा.

एक विनंती

डॉक्टरांनी "आणखी काही घेता का?" विचारले की आपण "नाही" म्हणतो, कारण काढ्याला आपण औषध समजतच नाही. पुढच्या वेळी गोळ्यांच्या यादीखाली एक ओळ वाढवा : काढा, त्यात काय काय, दिवसाला किती कप. इंग्रजीत सांगायला अवघड वाटत असेल, तर संकोच करू नका. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी महाप्रसादानंतर मी आणि माझ्या दोन निवृत्त सहकारी सभागृहात बसतो. आपल्या गोळ्या आणि काढ्याची पुडी घेऊन या, यादी आम्ही लिहून देऊ.

आपल्यातले काही ज्येष्ठ एकटे राहतात आणि रक्तदाब मोजायचे यंत्र त्यांच्याकडे नाही. ज्येष्ठ मदत निधीतून अशी यंत्रे घ्यायचा ट्रस्टचा विचार आहे. जमेल तसा हातभार लावावा. पैसे देणे शक्य नसेल, तर शेजारच्या आजी-आजोबांबरोबर एकदा जीपींकडे जा, तीही सेवाच आहे.

काढा जरूर घ्या. आणि ज्यांना घ्यायला सांगाल, त्यांना आठवड्याने विचारायला विसरू नका, "अजून घेता का?"

आपली,
मंदिराची एक निवृत्त डॉक्टर भगिनी