घोरणाऱ्याला झोप लागते का?

घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय. वर आपण घोरणाऱ्याचा थोडा हेवाही करतो, "काय गाढ झोपतो हा!" म्हणून. आमच्याकडे मुलेही अशीच हसत. पण ह्यांचे घोरणे मध्येच एकदम थांबे, आणि मी अंधारात मनाशी आकडे मोजीत राही. दहा, पंधरा, वीस... मग गुदमरल्यासारखा एक हिसका आणि पुन्हा गाडी सुरू. सकाळी ह्यांना यातले काहीच आठवत नसे.

पुढे दुसऱ्याही गोष्टी आठवेनाशा झाल्या. किल्ल्या, दुधाचा हिशेब, एकदा तर सख्ख्या भाच्याच्या मुंजीची तारीख! वर्तमानपत्र उघडले की डोळा लागे. "वय झाले," असे सासूबाई म्हणाल्या. वय होते बावन्न.

डॉक्टरांनी एक रात्र झोपेतच तपासणी केली. श्वास ताशी चाळीस वेळा अडत होता! झोपेत घशाचे स्नायू सैल पडून वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो, आणि मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो. ताशी तीस म्हणजेच विकार तीव्र समजतात. रात्रभर असा दचकणारा मेंदू दिवसा हिशेब कसला ठेवणार?

डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधला सदा पेंगणारा लठ्ठ पोरगा वाचकांना आठवत असेल. 1956 साली अमेरिकन डॉक्टरांनी अशाच एका विकाराला त्या पुस्तकाचे नाव दिले. पुढे जालीम उपाय म्हणजे गळ्याला भोक पाडणे! 1981 साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी साधी युक्ती काढली. नाकावर मुखवटा बसवून हवेचा हलका दाब द्यायचा. हवाच वाट उघडी ठेवते.

पहिल्या रात्री धाकटा म्हणाला, "बाबा, विमान कधी सुटणार?" आठवडाभर ह्यांनी मुखवटा काढून फेकला. तिसऱ्या आठवड्यात मात्र बसमधली डुलकी गेली.

आणि स्मरणशक्ती? इथे जरा जपून बोलते. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या पाहणीत हजाराहून अधिक रोग्यांपैकी काहींना खरे, काहींना लुटुपुटीचे यंत्र सहा महिने दिले होते. खऱ्या यंत्राने दिवसाची झोप उडाली. बुद्धीच्या चाचण्यांत मात्र शेवटी फारसा फरक दिसला नाही. तेव्हा 'बुद्धी तल्लख होईल' अशी हमी देणाऱ्या विक्रेत्यावर माझा विश्वास नाही. ह्यांच्या किल्ल्या अजूनही हरवतात. पण गवळ्याची दोन लिटरांची चूक परवा ह्यांनीच पकडली, आणि पुण्याला लग्नाला निघालो तेव्हा यंत्राची पेटी माझ्या शालूच्या आधी भरली गेली.