‘वेन्ट’च्या उजवीकडे

पडद्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एकच शब्द उभा असतो : वेन्ट. डावीकडे वाक्याचा तुटका तुकडा, उजवीकडे दुसरा. कोण गेलं, कशासाठी गेलं, याच्याशी वाचणाऱ्याला देणंघेणं नसतं. तो एक कळ दाबतो आणि सगळ्या ओळी ‘वेन्ट’नंतरच्या पहिल्या शब्दाच्या वर्णानुक्रमाने लागतात : अहेड, अवे, बॅक, डाउन, होम, इन, ऑफ, आउट, स्ट्रेट, अप. ‘बॅक’चा पट्टा चांगलाच लांब असतो. मग दुसऱ्या शब्दावर लावणी केली की त्या पट्ट्याचेही पोटभाग पडतात : बॅक डाउन, बॅक होम, बॅक इन, बॅक आउट, बॅक अप. आणि त्यापुढच्या घरात अधूनमधून ‘अगेन’ डोकावतं.

या मांडणीला कॉनकॉर्डन्स म्हणतात आणि ती ज्या मजकुरातून काढतात त्या साठ्याला कॉर्पस. कोशकार आणि व्याकरणकार दिवसदिवस हेच वाचत बसतात. काम बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल आणि बऱ्याच अंशी ते तसं आहेच.

पूर्वी तर हे सगळं हातानं चालायचं. रँडॉल्फ क्वर्क यांनी 1959 साली इंग्रजीच्या वापराची पाहणी सुरू केली, ती पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात स्थिरावली. प्रत्येकी पाच हजार शब्दांचे दोनशे नमुने, त्यातले निम्मे बोलण्याचे, आणि सगळं कागदी चिठ्ठ्यांवर, कपाटांच्या खणांत. त्यानंतर ऐंशीच्या दशकात बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या चमूने कोबिल्ड हा कोश तयार केला, तेव्हा शब्द शोधण्याचं काम संगणकाकडे गेलं. वाचायचं काम मात्र माणसाकडेच राहिलं.

वाचणाऱ्याची पहिली कटकट म्हणजे निवड. ‘वेन्ट डाउन द रोड’मधलं ‘डाउन’ रस्त्याला चिकटलेलं आहे. नुसत्या ‘वेन्ट डाउन’मधलं मोकळं क्रियाविशेषण आहे. यंत्राने लावलेल्या व्याकरणाच्या खुणा इथे हमखास घसरतात. शिवाय गेल्याशी काही संबंधच नसलेल्या ओळी असतात. दूध ‘वेन्ट ऑफ’ म्हणजे नासलं, बाँब ‘वेन्ट ऑफ’ म्हणजे फुटला, भाषण ‘वेन्ट डाउन वेल’ म्हणजे लोकांना आवडलं. हे बाजूला काढल्यावर जे उरतं, त्यात खरी गंमत.

उरलेल्या ओळींत एक क्रम दिसतो, जो इंग्रज मुलाला शाळेत कुणी शिकवत नाही. ‘शी वॉक्ड राइट बॅक आउट अगेन.’ आधी ‘राइट’ किंवा ‘स्ट्रेट’, मग ‘बॅक’, मग दिशा, मग ‘अगेन’. यातला एकेक शब्द गाळला तरी वाक्य चालतं. जागा बदलल्या की मात्र बिघडतं. ‘वॉक्ड आउट राइट बॅक अगेन’ कुणी म्हणत नाही. कधी जागा बदलल्यावर वाक्य टिकतं, पण अर्थ निसटतो. ‘वेन्ट बॅक आउट’ म्हणजे परत बाहेर गेला. ‘वेन्ट आउट बॅक’ म्हणजे, विशेषतः अमेरिकी बोलण्यात, घराच्या मागच्या अंगाला गेला. ओळ तुटकी असल्यामुळे नुसत्या पट्टीवरून शंका फिटली नाही, तर वाचणारा ती ओळ उघडतो आणि मागेपुढे परसदार दिसतंय का ते पाहतो.

कर्म मध्ये आलं की क्रम आणखी ताठर होतो. ‘पुट डाउन द बुक’ आणि ‘पुट द बुक डाउन’ दोन्ही चालतात. पण ‘डाउन’च्या आधी ‘बॅक’ येऊन बसलं की जोडी पुस्तकाच्या पलीकडेच जाते : ‘पुट द बुक बॅक डाउन’. ‘राइट’चंही तसंच. एकटा शब्द क्रियापदाला लगटून राहू शकतो, त्याला मदतनीस मिळाला की नाही. आणि पुस्तकाच्या जागी ‘इट’ आलं, तर एकट्यालाही ती मुभा उरत नाही. ‘पुट इट डाउन’ एवढंच.

शाळेतल्या व्याकरणात कसं, कुठे, कधी असा क्रम पाठ करून घेतात. नियम म्हणून तो ठीक आहे, पण जाण्यायेण्याच्या क्रियापदांशी गाठ पडली की ‘कुठे’ पुढे सरकतं. ‘शी वेन्ट होम क्वायटली’ हेच सरळ वाटतं. पाठ्यपुस्तकातल्यासारखी तिन्ही एका रांगेत, तीही बोलण्यात, क्वचितच भेटतात. दोन असली तर पुष्कळ. तिसरं बहुतेक वाक्याच्या तोंडाशी गेलेलं असतं.

इथे मराठी वाचकाला एक ओळ थांबवते. ‘ही केम होम लेट लास्ट नाइट.’ आला, घरी, उशिरा, काल रात्री. मराठीत : काल रात्री उशिरा घरी आला. उलट्या टोकाने तंतोतंत तीच माळ, आरशात धरल्यासारखी. इंग्रजीत ‘घरी’ आल्याला खेटून आहे, मराठीतही ‘घरी’ आल्याला खेटूनच आहे. ‘काल रात्री’ दोन्हीकडे लांब. दोन्ही भाषांत क्रियापदापासूनचं अंतर सारखं, फक्त क्रियापदाने बाजू बदलली. वेळेच्या पोटातसुद्धा हेच. इंग्रजीत ‘अ‍ॅट टेन लास्ट नाइट’, आपल्याकडे ‘काल रात्री दहाला’. क्रियापद शेवटी ठेवणारी जपानीही ही वाक्यं मराठीच्या बाजूने मांडते.

मात्र आरसा सगळीकडे खरा नाही. ‘वेन्ट बॅक डाउन अगेन’ उलटं वाचलं तर ‘पुन्हा खाली परत गेला’ व्हायला हवं. मराठी माणूस सहज म्हणतो ते ‘पुन्हा परत खाली गेला’. ‘अगेन’ आज्ञाधारकपणे दुसऱ्या टोकाला गेलं, पण ‘बॅक डाउन’ ही जोडी जशीच्या तशी, परत-खाली. कारण त्या दोघांचा आधी आपसात संबंध, मग क्रियापदाशी.

कर्माच्या बाबतीत तर आपली सवय इंग्रजीत आडवी येते. ‘तिने चहा हळूहळू प्यायला’ यात ‘हळूहळू’ चहा आणि पिणं यांच्या मधे आहे. इंग्रजीत क्रियापद आणि कर्म यांच्या मधे शिरायला मज्जाव. ‘ड्रँक हर टी स्लोली’ म्हणायचं, ‘ड्रँक स्लोली हर टी’ नाही. कर्म लांबलचक असेल तर ही अट सैल होते, दोन शब्दांच्या चहाला नाही.

भारतीय इंग्रजीचं असं वाचन जिथून शक्य झालं, ते ठिकाण कोल्हापूर आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. अमेरिकेच्या ब्राउन विद्यापीठाने 1961 साली छापलेल्या इंग्रजीतून दहा लाख शब्दांचा साठा केला होता; पाचशे नमुने, प्रत्येकी सुमारे दोन हजार शब्द. शिवाजी विद्यापीठात प्रा. एस. व्ही. शास्त्री यांनी त्याच मापाने भारतीय इंग्रजीचा साठा उभा केला, 1978 सालच्या छापील मजकुरातून. जगभरचे अभ्यासक त्याला कोल्हापूर कॉर्पस म्हणूनच ओळखतात. पण छापील मजकुरात ‘वेन्ट बॅक आउट अगेन’सारखी घरगुती रांग मिळणार कुठे? कथाकादंबऱ्यांतल्या संवादांत थोडीफार. सरकारी अहवालात कुणी परत बाहेर जात नाही.

त्यासाठी बोलणंच टिपायला हवं. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसच्या दहा कोटी शब्दांपैकी सुमारे एक कोटी बोलण्याचे आहेत. त्यातला एक भाग स्वयंसेवकांनी खिशात वॉकमन बाळगून, रोजच्या गप्पा ध्वनिमुद्रित करून मिळवला. इंटरनॅशनल कॉर्पस ऑफ इंग्लिशचा भारतीय विभागही कोल्हापूरच्याच पुढाकाराने, बर्लिनच्या विद्यापीठाशी मिळून झाला, आणि त्यात पाचशेपैकी तीनशे नमुने बोलण्याचे. तिथे ‘ही केम यस्टरडे ओन्ली’ या धाटणीच्या ओळी सापडतात. इंग्रज वाचणारा ‘ओन्ली’चा अर्थ ‘फक्त’ लावत बसतो. मराठी वाचणाऱ्याला थेट ‘कालच आला’ ऐकू येतं, कारण हा ‘ओन्ली’ म्हणजे आपला ‘च’, ज्यावर भर द्यायचा त्याच्या पाठीला लागलेला.

बोलण्याच्या ओळी वाचताना एक किरकोळ, पण रोजची डोकेदुखी असते. माणसं अडखळतात. ‘वेन्ट... अं... बॅक आउट’ असं कुणी म्हटलं की लिहून घेणारा तो ‘अं’सुद्धा लिहितो. लावणी करताना पहिल्या घरात ‘अं’ बसतो आणि ती ओळ ‘बॅक’च्या पट्ट्यातून गायब होऊन भलतीकडेच जाते. म्हणून मोजणीला बसण्याआधी सगळे ‘अं’ शोधून बाजूला काढायचे आणि ओळी नव्याने लावायच्या. तसं केलं नाही तर ‘बॅक’ची मोजणी कमी भरते.