करून दाखवण्याची परीक्षा

(बी. कॉम., द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीकडून)

परीक्षा म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर तीन तासांचा पेपर, पुरवण्यांचे दोरे आणि घड्याळाचा काटा उभा राहतो. आपल्यासारख्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्याची सवय झालेली आहे. पण सात-आठ वर्षांच्या मुलाला काय येते आणि काय येत नाही, हे पेपरावरून खरोखर कळते का? या प्रश्नाचा शिक्षणशास्त्रात बराच विचार झाला आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. शिक्षणशास्त्र माझा विषय नव्हे. परंतु घरी पाठचा भाऊ चौथीत आहे, शेजारची मुले संध्याकाळी अभ्यासाला माझ्याकडे येतात, त्यामुळे हा विषय मला जवळचा वाटतो.

बेलूर म्हटले की पुष्कळांना हासन जिल्ह्यातील होयसळ मंदिर आठवते. आमचे बेलूर ते नव्हे. धारवाडहून बेळगावकडे जाताना लागणारे, औद्योगिक वसाहतीचे. कारखान्यांमुळे येथे निरनिराळ्या गावांची कुटुंबे येऊन राहिली आहेत. माझ्याकडे येणाऱ्या पाच-सहा मुलांत घरी मराठी बोलणारी आहेत, कन्नड बोलणारी आहेत आणि हिंदी बोलणारीही आहेत. शाळेत मात्र पेपर एकाच भाषेत असतो.

आम्हा वाणिज्यवाल्यांना हिशेब तपासणीचे एक तत्त्व शिकवतात. तपासनीसाने केवळ वह्या पाहून समाधान मानू नये. गोदामात जाऊन माल खरोखर आहे का याचीही खात्री करून घ्यावी. वहीत शंभर पोती लिहिली आणि गोदामात साठच निघाली, तर वहीला काय अर्थ? उलट वहीत नोंदच नाही आणि गोदामात माल पडून आहे, असेही होते. मुलांच्या बाबतीत पेपर म्हणजे वही, आणि मुलाला प्रत्यक्ष जे करता येते ते गोदाम. कृतीवर आधारित मूल्यमापन म्हणजे हे गोदाम उघडून पाहणे. मुलाला एक खरे काम द्यायचे, ते करताना त्याच्याकडे पाहायचे, आणि आधी ठरवलेल्या कसोट्यांवर त्याची नोंद करायची.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तोद्योगाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम मांडला. सूत कातताना मोजमाप, हिशेब आणि भूगोल शिकावा, हा त्यातला विचार. कातलेले सूत समोर दिसते. ते पाठ करून आणता येत नाही. पुढे 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाची समज आणि ती समज वापरण्याची क्षमता यांचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन करावे असे सांगितले. त्याच वर्षी 20 ऑगस्टला महाराष्ट्र शासनाने त्याचा निर्णय काढला. त्यात वर्षभराच्या ‘आकारिक’ मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधने सुचवली. पहिली-दुसरीला आकारिकचा वाटा 70 टक्के आणि सत्राअखेरच्या ‘संकलित’चा 30 टक्के, सातवी-आठवीला तो 40 आणि 60 असा उलटतो. आपल्या कर्नाटकात यालाच ‘रूपणात्मक’ आणि ‘संकलनात्मक’ म्हणतात. मुले मात्र सरसकट एफ. ए. आणि एस. ए. म्हणतात. मराठीत आकार, कन्नडमध्ये रूप. दोन्ही शब्दांचा रोख एकच, की मूल घडत असतानाच त्याच्याकडे पाहावे.

आता असे काम विषयवार कसे असते ते पाहू. भाषेत मुलाच्या हाती गावच्या सूचनाफलकावरची सूचना द्यावी आणि ‘आजीला समजेल असे सांग’ म्हणावे. परिसर अभ्यासात मटकी एका वाटीत ओल्या फडक्यात व दुसऱ्या वाटीत कोरडी ठेवून आठवडाभर रोज काय दिसते ते लिहायला सांगावे. भूगोलात घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढून घ्यावा. दुसऱ्या मुलाला तो पाहून वाट सापडली, तर नकाशा उत्तीर्ण. चित्रकला आणि कार्यानुभवात तर काम हीच परीक्षा असते.

गणिताचे उदाहरण जरा विस्ताराने देते, कारण ते मी घरी करून पाहिले आहे. मुलाला खोट्या नोटा देऊन दुकान मांडायचे. शेंगदाणे 160 रुपये किलो, गूळ 60 रुपये किलो. पाव किलो शेंगदाणे आणि अर्धा किलो गूळ घ्यायचा, शंभराची नोट द्यायची. बिल 40 आणि 30 मिळून 70 रुपये. परत यायचे 30. आता नुसते बरोबर-चूक न म्हणता पायऱ्या ठरवाव्यात. पहिली पायरी : पाव आणि अर्धा यांचा अर्थ कळतो, वजन बरोबर निवडतो. दुसरी : एका वस्तूची किंमत काढतो. तिसरी : एकूण बिल करून सुटे पैसे बरोबर देतो. चौथी : उत्तर कसे काढले ते सांगतो किंवा लिहितो. मूल कोणत्या पायरीवर अडले हे कळले म्हणजे दुसऱ्या दिवशी काय शिकवायचे तेही कळते. पेपरातल्या ‘10 पैकी 4’ या आकड्यावरून ते कळत नाही.

ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. गिऱ्हाईक होऊन विचारलेल्या हिशेबांत या मुलांची सुमारे 98 टक्के उत्तरे बरोबर आली. तेच हिशेब कागदावर शाब्दिक उदाहरणे म्हणून दिले तेव्हा 74 टक्के, आणि नुसते आकडे मांडून दिले तेव्हा 37 टक्के! फेब्रुवारी 2025 मध्ये कोलकाता व दिल्लीच्या बाजारांतील मुलांविषयीचा असाच अभ्यास ‘नेचर’ या नियतकालिकात आला. त्याची दुसरी बाजू अधिक विचार करायला लावणारी आहे. बाजारातली मुले कागदावर अडखळली, तशी केवळ शाळेत शिकणारी मुले बाजारातल्या हिशेबात अडखळली. म्हणजे वही आणि गोदाम दोन्ही तपासावे लागते. धारवाडच्या संतेत भाजीच्या टोपलीमागे बसलेली दहा वर्षांची मुलगी पाहिली की मला हे आकडे आठवतात. तिच्या प्रगतिपुस्तकावर गणितात काय लिहिले असेल?

भाषेचा प्रश्न आमच्या भागात आणखी जवळचा आहे. मी मराठी माध्यमात शिकले. कन्नडच्या पेपरात ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरे येत आणि वर्गातल्या बऱ्याच जणींना चांगले गुण पडत. पण बसमध्ये कंडक्टरशी चार वाक्ये बोलायची वेळ आली की त्याच मुली एकमेकींकडे पाहत. मला कन्नड आले ते शेजारच्या अक्कांच्या ओसरीवर. याच्या उलट, घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी असलेले मूल विज्ञानाच्या पेपरात कोरे पान देते, तेव्हा त्याला विज्ञान येत नाही की प्रश्नाची भाषा कळत नाही, हे पेपर सांगू शकत नाही. दोन वाट्यांतली मटकी दाखवून ‘कशाला मोड आले आणि का?’ असे विचारा. ते बोटाने दाखवील, मोडक्या वाक्यात सांगेल, पण सांगेल. ‘कच्चा’ हा शिक्का एकदा बसला की तो मुलाच्या मनातूनही लवकर पुसला जात नाही.

या दिशेने कर्नाटकातच मोठे काम झाले आहे. ‘नलि-कलि’ म्हणजे आनंदाने शीक. आंध्रातील ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण शाळा पाहून 1995 साली म्हैसूर जिल्ह्यातील एच. डी. कोटे तालुक्यात त्याची सुरुवात झाली, आणि 2009-10 पासून सर्व सरकारी कन्नड शाळांच्या पहिली-दुसरीत ते आले. त्यात शिकण्याची एक शिडी असते. मूल एकेक कार्ड पुरे करत वर चढते आणि मूल्यमापनाचे कार्डही त्याच शिडीत असते. परीक्षेचा वेगळा दिवस नसल्यामुळे परीक्षेची भीतीही नाही.

अडचणी नाहीत असे नाही. चाळीस मुलांच्या वर्गात एकेकाकडे पाहायला शिक्षकाला वेळ कुठून मिळणार? कायद्याने पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे, तो याचसाठी महत्त्वाचा. दुसरे, प्रकल्प मुलाने करायचा की आईबापांनी? तयार प्रतिकृती दुकानातून आणली तर ते मूल्यमापन पालकांच्या खिशाचे होईल. म्हणून काम वर्गातच, शिक्षकासमोर आणि घरच्या साध्या वस्तूंनी व्हावे. तिसरे, नजरेने गुण देताना आवडता-नावडता येऊ शकतो. कसोट्यांच्या पायऱ्या आधीच लिहून मुलांना व पालकांना सांगितल्या तर तो दोष कमी होतो. आणि नोंदी भरण्याच्या ओझ्याखाली मुलाकडे पाहणेच राहून गेले, तर सारेच व्यर्थ.

हा विषय आज तातडीचा आहे. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी व आठवीत मुलाला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. पाचवी, आठवी आणि नववीच्या बोर्ड परीक्षांवरून कर्नाटकातला वाद 2024 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. परीक्षा असावी की नसावी यावर पुष्कळ बोलले गेले. परीक्षेत मुलाला काय करायला सांगावे, यावर त्या मानाने कमी. दहा वर्षांच्या मुलाचे एक वर्ष आपण एका पेपरावर काढून घेणार असू, तर त्याआधी त्याला काय करता येते हे पाहिले पाहिजे. आपल्या कॉलेजातील अनेकजण उद्या शिक्षक होतील, बाकीचे पालक होतील. घरात किंवा शेजारी लहान मूल असेल तर येत्या रविवारी शंभराची खोटी नोट देऊन त्याच्यासमोर दुकान मांडून पाहा, आणि ते कोणत्या पायरीवर थांबते ते त्याच्या शिक्षकांना जाऊन सांगा.